गाईम्हशींचा सांसर्गिक गर्भपात

दुभत्या जनावरांचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब दुधाच्या लिटरांत चालत असला, तरी त्या दुधाचा उगम वासरांत आहे, ही गोष्ट आपण पुष्कळदां विसरतों. गाय वेळेवर माजावर यावी, फळावी, नऊ महिने नऊ दिवस भरून सुखरूप व्यावी. म्हशीनें दहा महिने दहा दिवस पुरे करावे. तरच पुढील वेताचें दूध. हें चक्र मध्येंच मोडलें म्हणजे वैरण, पेंड व गड्याचा पगार हीं चालूच राहतात आणि बादली मात्र रिकामी राहते. चारा कमी पडला तर तो विकत आणतां येतो. गाभणपणाचे वायां गेलेले सात महिने विकत मिळत नाहींत.

गाय गाभडली म्हणजे आपल्याकडे कारणांची वाण पडत नाहीं. शेजारच्या गाईनें पोटांत शिंग मारलें, गोठ्याच्या उतारावर पाय घसरला, सरकी जास्त झाली, बुरसलेला कडबा पोटांत गेला, नाहीं तर दृष्ट लागली. यांतील कांहीं कारणें खरींही असतात. बुरशीच्या वैरणीनें गर्भ पडतो, जबर मारानेंही पडतो. परंतु कारण सांपडलें असें वाटलें कीं आपण पुढें तपास करीत नाहीं, आणि घात होतो तो तेथेंच. म्हणून या लेखांत आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट वाचकांपुढें मांडावयाची आहे. पांचव्या महिन्यानंतर झालेला प्रत्येक गर्भपात, तो तसा नाहीं असें तपासणीनें ठरेपर्यंत, सांसर्गिकच समजून चालावें.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं आमचें स्वतःचें एक पाप येथें सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गोठ्यांतील दुसऱ्या वेताची एक संकरित गाय सातव्या महिन्यांत गाभडली. मेलेलें वासरूं गड्यानें ओढ्याच्या कांठीं टाकलें. तें रात्रीं कुत्र्यांनीं नेलें. वार अडकली होती. ती काढण्याकरितां गुरांचे डॉक्टर आले, तेव्हां त्यांनीं रक्त तपासून घेण्याचें सुचविलें. परंतु उगाच कटकट म्हणून आम्हीं तें टाळलें. गाय पुढें फळली, पूर्ण दिवस भरून व्याली, कालवड झाली, आणि मागला प्रकार अपघाताचा होता अशी आम्हीं आमच्या मनाची समजूत घातली. तरी मनांत किंतु होताच; म्हणून बरा भाव येतांच ती गाय आम्हीं एका परिचितांस विकली. गाभडल्याची गोष्ट त्यांनीं विचारली नाहीं व आम्हीं सांगितली नाहीं. पुढल्या वर्षीं त्यांच्या पांच कालवडींपैकीं तीन गाभडल्या. त्यांचे धाकटे बंधु हातानें वार काढीत असत. ते संध्याकाळच्या तापानें दोन महिने अंथरुणास खिळून राहिले. त्या गोठ्यांतील जनावरांचें रक्त तपासलें तेव्हां आमची गाय ‘दोषी’ निघाली.

ज्या रोगानें हें सर्व घडलें त्याचें नांव ब्रुसेलोसिस. १८८७ सालीं माल्टा बेटांत डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनें तापानें मेलेल्या शिपायांच्या पाणथरींत एक सूक्ष्म जंतु शोधून काढला. त्यानंतर दहा वर्षांनीं, १८९७ मध्यें, डेन्मार्कांतील पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांस गाभडणाऱ्या गाईच्या गर्भाशयांत दुसरा एक जंतु आढळला. माणसांचा ताप व गुरांचा गर्भपात या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें तेव्हां कोणास वाटलें नव्हतें. हे दोन्ही जंतु एकमेकांचे सख्खे भाऊबंद आहेत, हें १९१८ मध्यें अमेरिकेंत ॲलिस इव्हान्स या बाईंनीं दाखवून दिलें. पण त्यांचें म्हणणें विद्वानांस पटावयास पुष्कळ वर्षें लागलीं. ब्रूस यांच्या नांवावरून या जंतूंस ब्रुसेला म्हणतात. गाईम्हशींत मुख्यत्वें आढळणाऱ्या जातीचें नांव ब्रुसेला अबॉर्टस.

हा जंतु जनावराच्या शरीरांत बहुधा तोंडावाटें शिरतो, हें शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. दोष वळूचा, अशी आपली सामान्य समजूत असते. दूषित वळूच्या अंडांस सूज येते व त्याचें रेत कृत्रिम रेतनास वापरल्यास रोग पसरतो, हें खरें. तथापि गोठ्यांतल्या गोठ्यांत रोग फिरतो तो चाटण्याखाण्यानें. एक गाय गाभडली कीं दावणीच्या इतर गाई कुतूहलानें तें वासरूं हुंगतात, वार चाटतात. त्या स्रावानें भिजलेली वैरण गव्हाणींत जाते, तेंच पाणी हौदांत उतरतें. गर्भ, वार व त्यांबरोबरचें पाणी यांत जंतूंची संख्या अपरंपार असते. डोळ्यांच्या पातळ त्वचेंतून व अंगावरील जखमेंतूनही ते आंत शिरतात. कडक उन्हांत हे जंतु कांहीं तासांत मरतात. परंतु सावलींत, ओलाव्यांत, थंड हवेंत, शेणामातींत ते महिनोनमहिने जिवंत राहतात. पावसाळ्यांत अंधाऱ्या, दलदलीच्या गोठ्यांत हा रोग कां मुरतो, तें यावरून समजेल.

शरीरांत शिरल्यावर जंतु प्रथम लसिकाग्रंथींत व कासेंत ठाण मांडतात. जनावर आजारी दिसत नाहीं. खातें, पितें, दूध देतें. गर्भ मोठा होऊं लागला म्हणजे वारेंत एरिथ्रिटॉल नांवाचा शर्करेच्या वर्गांतील एक पदार्थ वाढतो, आणि त्यावर हे जंतु झपाट्यानें पोसतात. वारेच्या ज्या गुंड्यांतून गर्भास अन्न मिळतें त्या सडतात, गर्भ उपाशीं मरतो व बाहेर पडतो. पांचव्या ते नवव्या महिन्यांतच हा गर्भपात कां होतो, याचें कारण हेंच. वार अडकणें ही त्याची नेहमींची खूण. गर्भाशयांत पू होऊन गाय पुढें उलटत राहते, ही तिच्या मागून येणारी पीडा.

आतां सर्वांत फसवी गोष्ट. बहुतेक गाई या रोगानें एकदां, फार तर दोनदां गाभडतात. पुढें त्या पूर्ण दिवसांचें वासरूं देतात. मालक म्हणतो, गाय सुधारली. वस्तुतः गाय सुधारत नाहीं, ती रोगाशीं जुळवून घेते. जंतु तिच्या कासेंत व ग्रंथींत जन्मभर राहतात, दुधांतून निघतात, आणि प्रत्येक व्यांताच्या वेळीं पाण्याबरोबर व वारेबरोबर गोठ्यांत सांडतात. गाभडलेल्या गाईपेक्षां ही सुखरूप व्यालेली गाय अधिक घातक, कारण तिच्याविषयीं कोणास संशयच येत नाहीं. आमच्या गाईनें आमच्या परिचितांच्या गोठ्यांत केलें तें हेंच. शिवाय दूषित गाईच्या पोटच्या कालवडींपैकीं थोड्या अशा निघतात कीं, त्यांच्या रक्तांत कांहीं आढळत नाहीं आणि पहिल्या व्यांतास रोग उघडा होतो.

गर्भपाताचीं सांसर्गिक कारणें इतरही आहेत. त्यांचा विचार महिन्यावरून करावा म्हणजे तपासास दिशा मिळते. गाय फळली असें वाटतें, एकवीस दिवसांनीं माजावर येत नाहीं, आणि मग महिना-दीड महिन्यानें किंवा त्याहून अधिक दिवसांनीं अवेळीं उलटते. असें एका वळूकडे नेलेल्या अनेक गाईंत घडूं लागलें, तर ट्रायकोमोनास अथवा कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा संशय घ्यावा. हे जंतु मात्र खरोखरीच वळूच्या संगानें पसरतात. वळू दिसावयास ठणठणीत असतो, जंतु त्याच्या शिस्नाच्या खोळींत राहतात. गाईंत गर्भ कोंवळा असतांनाच मरतो व मालकास तो पडलेला दिसतही नाहीं. गांवच्या सामाईक वळूवर विसंबणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. तपासलेल्या वळूंचें गोठविलेलें रेत वापरणें हा यावर उत्तम उपाय होय, आणि कृत्रिम रेतनाच्या अनेक लाभांत हा लाभ आपण सहसा मोजीत नाहीं. आय.बी.आर. नांवाच्या विषाणूनें मधल्या व शेवटच्या महिन्यांत गर्भ पडतो. हा विषाणु जनावराच्या शरीरांत लपून बसतो व प्रवासाच्या किंवा व्यांताच्या शिणानें पुन्हां उसळतो. उंदीरघुशींच्या व दूषित जनावरांच्या मूत्रानें खराब झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरा येतो. निओस्पोरा नांवाचा परोपजीवी कुत्र्यांच्या विष्ठेंतून वैरणींत शिरतो, आणि कुत्र्यांस तो मिळतो गाईची वार व मेलेलें वासरूं खाल्ल्यानें. लाळ-खुरकूत किंवा लम्पी यांसारख्या तापाच्या सांथींतही गाभण गाई टाकतात. पण तेथें मूळ रोग डोळ्यांस दिसत असल्यानें घोटाळा होत नाहीं. नुसत्या लक्षणांवरून या साऱ्यांचा निवाडा अनुभवी डॉक्टरही करूं शकत नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंतील तपासणीवांचून गत्यंतर नाहीं.

गाय गाभडली त्या दिवशीं काय करावें, हें जरा विस्तारानें सांगतों. कारण पुढच्या सर्व गोष्टी त्या पहिल्या चार घटकांवर अवलंबून असतात. प्रथम ती गाय दावणीवरून सोडून वेगळ्या जागीं बांधावी. वेगळा गोठा नसेल तर झाडाखालीं बांधावी. पण तिचें मूत्र व स्राव इतर गुरांच्या वाटेवर अगर पाण्याकडे वाहणार नाहीं अशा उतारावर. वासरूं व वार यांस उघड्या हातानें कोणीही शिवूं नये. रबरी हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या हातांवर कोंपरापर्यंत बांधाव्या, तोंडानाकावर फडकें बांधावें. गरोदर बायकांस व मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. आपल्याकडे गोठा झाडण्याचें काम बहुधा घरांतील स्त्रियांकडे असतें व तें उघड्या हातापायांनीं चालतें. त्या दिवसापुरतें तरी तें पुरुषांनीं, नीट बंदोबस्तानें करावें.

डॉक्टरांस निरोप पाठवावा तो केवळ वार काढण्याकरितां नव्हे. गर्भ व वारेचा तुकडा हीं तपासणीचीं सर्वांत मौल्यवान साधनें होत. तीं डॉक्टर येण्यापूर्वीं पुरून टाकूं नयेत. दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून बर्फांत ठेवावीं. वासराचें पोट स्वतः फाडून पाहण्याचें धाडस मुळींच करूं नये. नमुने कोठें पाठवावयाचे हें डॉक्टर सांगतील. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यास औंध येथें आहे. नमुने घेऊन झाल्यावर उरलेलें सर्व, त्यांनीं भिजलेल्या वैरणीसह, चार हात खोल खड्ड्यांत चुनकळी घालून पुरावें आणि वर काटे रचावे. ओढा, उकिरडा व कुत्रीं यांच्या हवालीं कांहींएक करूं नये. जागा आधीं खरवडून साफ करावी व मगच तीवर ब्लीचिंग पावडरीचें पाणी किंवा चांगलें फिनेल ओतावें. शेणामातीच्या थरावर ओतलेलें औषध वायां जातें. पुढें गर्भाशयांतील स्राव पूर्ण थांबेपर्यंत ती गाय कळपांत आणूं नये, तिची धार सर्वांच्या शेवटीं काढावी. अडकलेली वार गड्याकडून ओढवून घेण्याची चाल तर अजिबात बंद झाली पाहिजे.

रक्त तपासण्याची रीत सोपी आहे. डॉक्टर रक्तजलाचा एक थेंब रोझ बंगाल नांवाच्या गुलाबी द्रवांत मिसळतात. चार मिनिटांत गुठळ्या झाल्या तर संशय पक्का धरून पुढील एलायझा तपासणी करितात. मात्र नुकत्याच गाभडलेल्या गाईचें रक्त पहिल्या वेळीं निर्दोष दिसूं शकतें; तीन आठवड्यांनीं पुन्हां तपासावें. गाभडलेल्या एकीवर न थांबतां गोठ्यांतील सर्व मोठीं जनावरें तपासून घ्यावीं. दुधाची वलय-चांचणीही आहे. एकत्र केलेल्या दुधावर ती करून कोणत्या गोठ्यांत संशय आहे हें कळतें. दूधसंस्थांनीं वर्षांतून एकदोनदां ती करविल्यास सभासदांवर मोठे उपकार होतील.

तपासणींत जनावर दूषित निघालें म्हणजे खरी पंचाईत सुरू होते. या रोगावर गाईस औषध देऊन बरी करण्याची आशा धरूं नये. जंतु पेशींच्या आंत दडत असल्यामुळें तेथें औषध पुरें पोंचत नाहीं. डेन्मार्क, अमेरिका इत्यादि देशांनीं तपासून दूषित जनावरें कत्तलीस पाठविलीं व मालकांस भरपाई दिली. आपल्या राज्यांत १९७६ च्या कायद्यानें गाईची, व २०१५ मध्यें अमलांत आलेल्या दुरुस्तीनें बैल व वळू यांचीही कत्तल बंद आहे. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा हा आमचा विषय नव्हे. परंतु त्याचा व्यवहारांतील परिणाम असा कीं, दूषित गाईस दोनच वाटा उरतात: मालकानें ती वेगळी ठेवून पोसणें, नाहीं तर मुकाट्यानें बाजार दाखविणें. दुसरी वाट सोपी, आणि रोग गांवोगांव नेणारी हीच वाट होय. २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या केंद्रीय कायद्यांत ब्रुसेलोसिसचा समावेश आहे. त्याप्रमाणें संशय येतांच गांवच्या अधिकाऱ्यास अगर ग्रामपंचायतीस कळविणें व जनावर वेगळें ठेवणें हें मालकाचें कर्तव्य आहे. किती जणांस हें ठाऊक आहे कोण जाणे! भरपाई नाहीं, पोसण्यास मदत नाहीं, आणि कळविल्यानें गाईची किंमत मात्र जाते. अशा स्थितींत शेतकरी गप्प बसला तर सर्व दोष त्याच्याच माथीं मारतां येणार नाहीं. तथापि शेजाऱ्याच्या गळ्यांत ती बांधण्यास यानें परवानगी मिळत नाहीं. आम्हीं ती गाय पैसे परत करून माघारी आणली. ती मळ्यांत वेगळ्या छपरांत असे, व्यांताच्या वेळीं वर लिहिलेला सर्व बंदोबस्त करीत असूं, दूध उकळल्याशिवाय वापरीत नसूं, आणि शेवटपर्यंत ती आम्हीं विकली नाहीं. परिचितांच्या तीन वासरांची भरपाई मात्र आम्हांस करतां आली नाहीं.

यावर खरा उपाय पुढच्या पिढीचा, म्हणजे कालवडींचा आहे. १९२३ सालीं अमेरिकेंत बक नांवाच्या शास्त्रज्ञानें एका जर्सी गाईच्या दुधांतून हा जंतु वेगळा केला होता. ती कुपी प्रयोगशाळेंत वर्षाहून अधिक काळ तशीच राहून गेली, व तपासतां जंतु जिवंत पण दुबळा झालेला आढळला. त्यापासूनच ‘एस-१९’ ही लस निघाली. चार ते आठ महिने वयाच्या कालवडीस व पारडीस ही लस जन्मांत एकदां टोंचावयाची असते. सप्टेंबर २०१९ मध्यें केंद्र सरकारनें लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांविरुद्ध देशभर जो कार्यक्रम सुरू केला, त्यांत सर्व मादी वासरांना ही लस विनामूल्य देण्याची योजना आहे. लस टोंचल्यावर कानांतील बारा आंकडी बिल्ल्यावर तिची नोंद करून घेण्यास विसरूं नये.

वयाचें हें बंधन अकारण नाहीं. ही लस जिवंत जंतूंची आहे. गाभण गाईस टोंचल्यास ती गाभडूं शकते. गोऱ्ह्यास व रेड्यास ती देतच नाहींत, कारण अंडांस इजा होते. मोठ्या वयांत टोंचल्यास रक्तांत दीर्घकाळ खुणा राहून पुढें रोगी कोण व लस टोंचलेली कोण हें ओळखतां येत नाहीं. टोंचतांना सुई चुकून माणसाच्या हातांत गेली तर माणसास रोग जडतो. म्हणून वासरूं घट्ट धरावें, आणि तसा अपघात झालाच तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लसीनें शंभर टक्के संरक्षण मिळतें असें नाहीं. परंतु वर्षानुवर्षें सर्व कालवडी टोंचल्या गेल्या तर गोठ्यांतील गर्भपात कमी होत जातात. चार महिन्यांची कालवड आठ महिन्यांची केव्हां होते हें कळतही नाहीं. म्हणून वासराची जन्मतारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनें कां होईना, लिहून ठेवावी.

गाय विकत घेतांना आपण सड, कास, शिंगें व चाल पाहतों, दांत मोजतों, धार काढून बघतों. त्याबरोबर रक्ततपासणीचा दाखला मागण्याची रूढी पडली पाहिजे. बाजारांतून आणलेली गाय थेट दावणीस न बांधतां महिनाभर अलग ठेवावी, व या अवधींत तिचें रक्त दोनदां तपासावें. काष्टीच्या किंवा लोणीच्या बाजारांत सत्तर-ऐंशी हजारांची गाय घेणाऱ्यास हा खर्च जड नाहीं. जड वाटते ती वाट पाहणें. गाभण गाय विकाऊ असेल तर मागील वेत कसें गेलें, हें स्पष्ट विचारावें. विचारल्यावर खोटें बोलणें हें न विचारतां गप्प बसण्याहून अवघड जातें, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

राहिली माणसांची गोष्ट. या रोगाचा ताप चढतो, उतरतो, पुन्हां चढतो. रात्रीं घाम सुटतो, कंबर व सांधे धरतात, पुरुषांच्या अंडांस सूज येते, माणूस महिनोनमहिने गळून जातो. हिंवताप किंवा विषमज्वर समजून त्यावर भलतेंच औषध चालतें. रोग होतो तो दूषित वार हाताळल्यानें अथवा कच्च्या दुधानें. धारोष्ण दुधाची आपल्याकडे मोठी महती आहे; कोल्हापुरास गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेऊन पिण्याची हौस प्रसिद्ध आहे, व तालमींतील पोरांस तर तें अमृतच. ज्या म्हशीचें रक्त तपासलेलें नाहीं तिचें दूध उकळूनच प्यावें, असें आम्ही तरी म्हणूं. दूध एकदां उकळलें कीं हे जंतु मरतात. खरवस चांगला वाफवलेला असावा. कच्चा चीक चाखूं नये. आमच्या परिचितांच्या बंधूंचा ताप दोन महिने कोणास उमगला नाहीं. शेवटीं एका डॉक्टरनें घरीं गुरें आहेत काय, एवढेंच विचारलें, आणि रक्ततपासणींत रोग सांपडला. सहा आठवडे दोन औषधें नियमित घेतल्यावर ते बरे झाले. ज्यांच्या गोठ्यांत गाय गाभडली असेल त्यांनीं लांबलेल्या तापांत ही गोष्ट डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां आपण होऊन सांगावी.